कर्ज काढावं की घरच विकायला काढावं?

मृगात नुसतं आभाळ भरून आलं, आर्द्रात पाऊस लागला आणि तिसऱ्याच दिवशी हॉलच्या छतावर तो डाग पुन्हा उमटला. गेल्या वर्षी बशीएवढा होता, यंदा परातीएवढा. स्वयंपाकघरात ओट्याच्या वरचा गिलावा सुटून खाली पडला आणि आतली तांबडी सळी दिसायला लागली. मिस्त्री आला. त्यानं काठीनं चार ठिकाणी ठोकून पाहिलं, मान हलवली आणि गच्ची, स्लॅब, नळ, वायरिंग सगळं धरून ‘आठपर्यंत जाईल’ असं सांगून चहा घेऊन गेला. आठ म्हणजे आठ लाख.

समजा, हे घर सांगलीसारख्या शहरातलं आहे. एका निवृत्त गुरुजींनी दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर १९८९ मध्ये बांधलेलं, नऊशे चौरस फुटांचं, स्लॅबचं. गुरुजी म्हणतात, बँकेतून कर्ज काढू आणि एकदाचं नीट करून घेऊ. पुण्यातली मुलगी म्हणते, ‘बाबा, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला? विकून टाका, इकडे या.’ गुरुजींच्या पत्नी, म्हणजे बाई, दोघांचंही ऐकतात आणि डागाखाली बादली सरकवतात.

पावसाळ्यात हा वाद कितीतरी घरांत होतो. गंमत अशी की दोन्ही पक्ष बहुधा चुकीच्या दोन आकड्यांची तुलना करत असतात. एका बाजूला दुरुस्तीचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला घराची किंमत. या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध वाटतो त्याहून फार कमी आहे.

जर आणि कापड

पूर्वी जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे दारोदार फिरायचे. साडी कितीही विरलेली असली तरी त्यांना फरक पडत नसे, कारण ते भाव करायचे तो जरीतल्या चांदीचा. कापडाला आजीनं कितीही नाजूक रफू केलेलं असो, त्याचे वेगळे पैसे कुणी देत नव्हतं.

स्वतंत्र घराचं असंच असतं. जमीन ही जर, ती झिजत नाही. बांधकाम हे कापड, ते पहिल्या दिवसापासून विरत जातं. मूल्यांकन करणारे अभियंते दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडतात. गुरुजींच्या घराचा मांडून पाहू. यातले दर समजण्यापुरते आहेत, वाचकांनी आपापल्या गावचे घालावेत.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दोन गुंठ्यांचे २,१७८ चौरस फूट झाले. चौरस फुटाला २,००० रुपये धरले तर जमीन सुमारे ४३ लाख ५६ हजारांची. नऊशे फुटांचं तसंच घर आज नव्यानं बांधायचं तर १,८०० रुपये दरानं १६ लाख २० हजार लागतील. पण हे घर नवं नाही. स्लॅबच्या घराचं आयुष्य साधारणपणे ६० वर्षं धरतात आणि शेवटी भंगार म्हणून दहा टक्के किंमत उरते असं मानतात. छत्तीस वर्षं वापरलेल्या घराची ५४ टक्के किंमत या रीतीनं गेलेली असते. उरले साडेसात लाखांच्या आतबाहेर. दोन्ही मिळून ५१ लाख.

आता प्रश्न असा की हे ५१ लाख देणारा पुढे काय करणार आहे? तो घर पाडून तिथे तीन मजली इमारत उठवणार असेल, तर त्याच्या लेखी ते साडेसात लाखांचं बांधकाम म्हणजे उलट राडारोडा वाहून नेण्याचा खर्च. गुरुजींनी आठ लाखांची दुरुस्ती करून मग विकायला काढलं तरी तो एक रुपया वाढवून देणार नाही. पण घेणारा स्वतः राहायला येणार असेल, तर छतावरचा डाग पाहून तो घाबरतो आणि दुरुस्तीला लागतील त्याहून जास्त पैसे कमी करून मागतो, कारण आत किती कुजलंय हे त्याला दिसत नाही.

म्हणून विकायच्या आधी दुरुस्ती करावी का, याचं उत्तर घेणारा राहणार की पाडणार यावर ठरतं. आणि विकायचंच नसेल तर दुरुस्तीकडे किंमत वाढवणारी गुंतवणूक म्हणून पाहूच नये. आठ लाखांत गुरुजी त्या घरात राहण्याची आणखी काही वर्षं विकत घेत आहेत. ती किती, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर बँकेत मिळत नाही, छतात मिळतं.

तांबड्या सळीची गोष्ट

काँक्रीट दाब सहन करतं, ताण सहन करत नाही. ताण घेण्यासाठी त्यात लोखंडी सळ्या घालतात. लोखंड ओलं झालं की गंजतं, हे आपल्याला ठाऊक आहे. मग दर पावसाळ्यात ओल धरणाऱ्या स्लॅबमध्ये ते इतकी वर्षं का गंजत नाही?

तव्याला वापरून झाल्यावर तेलाचा हात लावून ठेवतात, तसंच काहीसं इथे घडतं. ताजं काँक्रीट चुन्यासारखं तीव्र अल्कधर्मी असतं. शाळेत आम्ल आणि अल्क मोजायची सामू नावाची पट्टी शिकवतात, तिच्यावर काँक्रीट बारा-तेराच्या घरात येतं. एवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळीच्या पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो तिला गंजू देत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर्षानुवर्षं आत झिरपत राहतो आणि त्यातला अल्क मारत जातो. ही मारक सीमा हळूहळू आत सरकते. सळीवर काँक्रीटचं आवरण जेमतेम वीस-पंचवीस मिलिमीटर असतं, आणि कामात हयगय झाली असेल तर दहाच. ज्या दिवशी ती सीमा सळीपर्यंत पोचते त्या दिवशी तव्याचं तेल पुसलं जातं. समुद्राजवळ खारी हवा हेच काम लवकर उरकते. तिथे मीठ थेट त्या थरावरच हल्ला करतं.

पुढचा भाग हरभऱ्यांचा. गच्च झाकणाच्या डब्यात काठोकाठ हरभरे भरून पाणी ओतलं तर सकाळी झाकण उडालेलं दिसेल. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो. सळी आत फुगते, जागा नसते, म्हणून खालचं काँक्रीट ढकलून पाडते. ओट्यावर पडला तो नुसता गिलावा नव्हता, ते सळीनं फेकलेलं झाकण होतं.

यावरून दुरुस्तीचं वय कळतं. गंजलेली सळी तशीच ठेवून वरून गिलावा थापला आणि रंग दिला, तर फार तर दोन-तीन पावसाळे निघतात. आतले हरभरे फुगतच राहतात. नीट करायचं तर मेलेलं काँक्रीट सळीच्या मागपर्यंत फोडून काढावं लागतं, गंज घासून सळीला संरक्षक लेप द्यावा लागतो, बारीक झालेल्या सळीला जोड द्यावा लागतो, मग खास मसाला भरावा लागतो आणि त्याच सुमारास गच्चीवरून येणारं पाणी थांबवावं लागतं. गच्चीचा जुना कोबा न उखडता त्यावर नवा थर चढवायचा सल्ला मिळाला तर सावध व्हावं. छताचं वजन वाढतं आणि पाणी मधल्या थरात अडकून बसतं.

किती नुकसान झालंय हे पाहायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. हातोडीनं ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर भाग जिवंत, भद्द आला तर पोकळ. कलिंगड घेताना आपण हेच करतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन नावाचं द्रावण मारतात. अल्क शाबूत असेल तिथे ते गर्द गुलाबी होतं, मेलेल्या भागात रंगहीन राहतं. गुलाबी रंग सळीच्या कितीतरी आधी सुरू होत असेल तर दुखणं वरवरचं आहे. सळीच्या मागेही गुलाबी दिसेना, आणि तेही कॉलममध्ये, तर प्रकरण वेगळं आहे. स्लॅब दुरुस्त होतो. कॉलमही होतो, पण तेव्हा आठ लाखांच्या गप्पा मारू नयेत.

हे सांगायला मिस्त्री नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा. मिस्त्री वाईट असतो म्हणून नव्हे. जो काम करून पैसे मिळवणार आहे त्यालाच ‘काम करावं का’ हे विचारणं व्यवहाराला धरून नाही, एवढंच.

हप्त्याच्या पोटात काय असतं

आठ लाखांचं गृहदुरुस्ती कर्ज, व्याज नऊ टक्के, मुदत दहा वर्षं. हप्ता येतो १०,१३४ रुपये. पहिल्या महिन्यात आठ लाखांवर पाऊण टक्का, म्हणजे सहा हजार रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त ४,१३४. पुढच्या महिन्यात मुद्दल थोडं कमी, म्हणून व्याज थोडं कमी आणि मुद्दलात जाणारा वाटा थोडा जास्त. आड उपसताना पहिल्या बादल्या वरचेवर भरतात. इथे नेमकं उलटं, सुरुवातीची ओढ सगळ्यात निष्फळ वाटते. दहा वर्षांत एकूण भरणा १२ लाख १६ हजार.

घर गहाण टाकायचं नाही म्हणून वैयक्तिक कर्ज घेतलं, व्याज चौदा टक्के आणि मुदत पाच वर्षं, तर हप्ता जातो १८,६१५ वर, पण एकूण भरणा ११ लाख १७ हजारांच्या आसपासच राहतो. चढ्या व्याजाचं कर्ज एकूण स्वस्त पडलं की काय? मुदत निम्मी असल्यामुळे तसं दिसतं. नऊ टक्क्यांचं कर्ज पाच वर्षांत फेडलं तर ते याहून बरंच स्वस्त पडेल. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याबद्दल व्यक्तीला दंड लागत नाही. त्यामुळे मुदत लांब घ्यावी आणि हातात पैसे आले की मुद्दलात भरावेत, हा सोयीचा मार्ग आहे.

एका फसव्या शब्दाकडे मात्र लक्ष ठेवावं. कुणी ‘फक्त नऊ टक्के फ्लॅट’ म्हणालं तर त्याचा अर्थ, मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण आठ लाखांवर लावलं जाणार. पाच वर्षांचं असं कर्ज घटत्या शिलकीच्या हिशेबात साडेपंधरा टक्क्यांच्याही वर जातं.

करसवलतीची फार आशा धरू नये. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती कर्जावरच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच मिळते, नव्या प्रणालीत मिळतच नाही.

वर्षाचा भाव

आता दोन्ही टोकं जोडता येतात. इंजिनिअरनं सांगितलं की नीट केलेली ही दुरुस्ती पंधरा वर्षं काढेल. १२ लाख १६ हजार भागिले पंधरा, म्हणजे वर्षाला ८१ हजार, महिन्याला पावणेसात हजार. त्याच पेठेत तसंच घर भाड्यानं घ्यायचं तर समजा बारा हजार पडतात. दुरुस्ती स्वस्त.

तोच इंजिनिअर म्हणाला, पाचच वर्षं. मग महिन्याला वीस हजारांवर पडतात. त्या पैशांत गुरुजी शेजारच्या गल्लीतल्या नव्या इमारतीत भाड्यानं राहतील आणि वर प्रवासाला जातील. कर्जाचा दर नऊवरून साडेनऊ झाला तर हप्त्यात दोन-तीनशे रुपयांचा फरक पडतो. दुरुस्तीचं आयुष्य पंधराऐवजी पाच निघालं तर खर्च तिप्पट होतो. आणि आपण मात्र अर्ध्या टक्क्यासाठी चार बँका फिरतो.

मुलीच्या बाजूनंही एक भक्कम मुद्दा आहे. तो मांडला नाही तर हिशेब लबाडीचा होईल. घर विकलं तर येणारे पैसे नुसते पडून राहणार नाहीत, त्यांवर व्याज मिळेल. ते व्याज म्हणजे गुरुजी स्वतःच्या घरात राहण्यासाठी स्वतःलाच देत असलेलं अदृश्य भाडं. हा आकडा पाहायचा तर विकल्यावर हातात नेमकं किती पडेल ते आधी काढायला हवं.

५१ लाखांचे किती?

एजंटची दलाली दोन टक्के धरली तर एक लाख गेले. मग भांडवली नफ्यावरचा कर. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल तर त्या तारखेची बाजारभावानं असलेली किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते, फक्त ती त्या वेळच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा जास्त धरता येत नाही. समजा ती आठ लाख निघाली. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी भारतीयांसाठी दोन वाटा आहेत. पहिली, महागाईचा विचार न करता सरळ साडेबारा टक्के. ५० वजा ८, म्हणजे ४२ लाखांवर सव्वापाच लाख कर. दुसरी, खरेदी किंमत महागाई निर्देशांकानं फुगवायची आणि वीस टक्के भरायचे. हा निर्देशांक २००१-०२ ला १०० होता, २०२५-२६ साठी ३७६ आहे. आठ लाखांचे तीस लाख झाले, उरलेल्या वीस लाखांवर कर सुमारे चार लाख. गुरुजी अर्थातच दुसरी वाट धरतील. उपकर वगळला तर हातात ४६ लाख पडले.

वडिलोपार्जित घर असेल तर वडिलांनी किंवा आजोबांनी ते कधी घेतलं ती तारीख मोजली जाते, तुमच्या नावावर कधी झालं ती नाही. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं, तर नफ्याची जेवढी रक्कम त्यात गुंतवली तेवढ्यावर कर लागत नाही. घर घ्यायचं नसेल तर सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवून तोच फायदा मिळतो, पैसे पाच वर्षं अडकतात. यासाठी चार्टर्ड अकाउंटंटला एकदा भेटावं. तिथे गेलेली फी कधी वाया जात नाही.

हे ४६ लाख साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवले तर वर्षाला तीन लाखांच्या जवळपास व्याज येईल. त्यातून भाड्याचे १ लाख ४४ हजार गेले तरी दीड लाख उरतात, शिवाय दुरुस्तीचे ८१ हजार वाचले. म्हणजे विकण्याच्या बाजूनं वर्षाला दोन लाख छत्तीस हजारांचं माप पडलं. गुरुजींनी घर राखावं असं म्हणायचं तर जमिनीचा भाव वर्षाला किमान एवढा वाढायला हवा. ४३ लाख ५६ हजारांच्या जमिनीवर ही वाढ येते सुमारे साडेपाच टक्के. तेवढी होईल का? रस्ता रुंद होतोय, नवं कॉलेज येतंय अशा पेठेत होईल. पूररेषेत गेलेल्या गल्लीत बहुधा नाही होणार. ठेवीच्या व्याजावर कर लागतो आणि भाडं दरवर्षी वाढतं, हे दोन्ही मुद्दे घर राखण्याच्या बाजूनं जातात.

विकून दुसरं घर घ्यायचं असेल तर गणित आणखी बदलतं. महाराष्ट्रातल्या शहरांत मुद्रांक शुल्क साधारण सहा ते सात टक्के पडतं (मुंबईत ६, पुण्यात ७, खरेदी केवळ स्त्रीच्या नावानं असेल तर एक टक्का कमी), नोंदणी शुल्क एक टक्का पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. पुण्यात ४५ लाखांचा फ्लॅट घेतला तर यातच तीन लाख ४५ हजार जातात. जुन्या घराची दलाली, सामान हलवणं, नव्या जागेतलं फर्निचर धरलं तर निम्म्याहून जास्त दुरुस्ती त्यातच झाली असती. आणि ४५ लाखांत पुण्यात दोन गुंठे मिळत नाहीत, दोन खोल्या मिळतात. गुरुजींच्या सायकलला आणि बाईंच्या कढीपत्त्याला तिथे जागा नाही. ती नसणं हाही एक खर्च आहे, फक्त रुपयांत लिहिता येत नाही.

▪ ▪ ▪

चौकट: विचारायचे प्रश्न

इंजिनिअरला: दुखणं स्लॅबचं आहे की कॉलमचं? दुरुस्ती किती वर्षं टिकेल, लेखी द्याल का? पाणी कुठून येतंय, आणि ते थांबवण्याचं काम अंदाजपत्रकात आहे का?

बँकेला: व्याज घटत्या शिलकीवर आहे ना? प्रक्रिया शुल्क, विमा, गहाणखताचा खर्च मिळून पहिल्या दिवशी हातात किती पडतील? पैसे एकदम की टप्प्याटप्प्यानं?

एजंटला: या गल्लीत गेल्या वर्षभरात विकलेली घरं घेणाऱ्यांनी ठेवली की पाडली?

स्वतःला: या घरात मला किती वर्षं राहायचंय? जिना चढवतो का?

▪ ▪ ▪

फ्लॅट असेल तर

सोसायटीत ही जर आणि कापड वेगळी करताच येत नाहीत. घेणारा तुमचा फ्लॅट एकट्यानं पाडू शकत नाही, तो राहायलाच येणार. म्हणून आतली नीट दुरुस्ती विकताना काही अंशी वसूल होते. पण वरच्या मजल्यावरच्या माणसानं गच्चीच्या गळतीसाठी स्वतः कर्ज काढणं म्हणजे सगळ्यांचं काम आपल्या डोक्यावर घेणं. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी पावसाची गळती, बाहेरच्या भिंती आणि इमारतीचा सांगाडा यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं व्हायला हवी. दोन फ्लॅटमधल्या बाथरूमच्या गळतीचा वाद मात्र त्या दोन सभासदांचा.

सोसायटी म्हणते, फंड नाही. कसा असेल? सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, दुरुस्ती निधी पाऊण टक्का. बांधकाम खर्च धरायचा तो मूळचा. १९९० मध्ये तीन लाखांत बांधलेल्या फ्लॅटमागे सिंकिंग फंडात वर्षाला साडेसातशे रुपये जमतात. आजच्या दरानं तेवढ्यात एका बाथरूमचं तोंडही उघडत नाही. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यावरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हावं, असं उपविधी सांगतात. बऱ्याच ठिकाणी ते पहिल्यांदा होतं तेव्हा कुणाच्या तरी गॅलरीचा तुकडा पार्किंगमध्ये पडलेला असतो.

इमारत पुनर्विकासाच्या रांगेत असेल तर घरात पंधरा लाखांचं इंटिरिअर करण्यासाठी कर्ज काढणं मला तरी शुद्ध वेडेपणा वाटतो. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयापासून पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. पूर्वी वर्षानुवर्षं अडणारे प्रस्ताव आता सुटतात. अशा वेळी गळती थांबवण्यापुरतं आणि जिवाला धोका राहणार नाही एवढंच करावं. पण ‘बिल्डर येणारच आहे’ या आशेवर दहा-दहा वर्षं उघड्या सळ्यांखाली राहणाऱ्या इमारतीही मी पाहिल्या आहेत.

कोकणातलं मोठं घर

इथे काँक्रीटच नाही. चिऱ्याच्या भिंती शंभर वर्षं उभ्या राहतात. जातं ते वरचं: वासे, रिपा, मंगलोरी कौलं. एक कौल सरकलं की पाणी वाशावर, वाशातून भिंतीच्या माथ्यावर. दर वैशाखात घर शाकारलं तर हे घडत नाही. ही शाकारणी म्हणजे अख्ख्या घराचा वार्षिक हप्ताच, तोही बिनव्याजी. घर बंद पडलं की तो चुकतो, वाळवी लागते आणि पाच-सहा पावसाळ्यांत काही हजारांचं काम काही लाखांवर जातं.

मग मुंबईचा धाकटा भाऊ म्हणतो, कर्ज काढू. बँक विचारते, कागद? गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. हीच अडचण सोडवायला २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका द्यायच्या, म्हणजे घर तारण ठेवता येईल. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर पत्रिकेवर कुणाकुणाची नावं लागली आहेत हे आधी पाहावं.

कारण विकायचं असो की गहाण ठेवायचं, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींनाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यांइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे, आणि वडील तेव्हा हयात नसले तरी तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. ‘आत्यांचं काय विचारायचं’ हे वाक्य आता महागात पडतं. एकानं वैतागून आपला न वाटलेला हिस्सा परक्याला विकला, तरी कुटुंबाच्या राहत्या घरात घुसून एकत्र राहण्याचा हक्क त्या परक्याला कायद्यानं मिळत नाही. असा हिस्सा त्यामुळे कवडीमोलानं जातो.

आणि एका भावानं स्वतःच्या पगारावर कर्ज काढून छप्पर बदललं, म्हणून त्याचा हिस्सा आपोआप वाढत नाही. पुढे विक्री झाली तर ते पैसे आधी त्याला द्यायचे, असं सगळ्यांच्या सह्यांनिशी लिहून घ्यावं. भावाकडे असा कागद मागणं जड जातं. न मागितल्यामुळे गणपतीला एकत्र न येणारी घरं त्याहून जास्त आहेत.

आणि वय सत्तर असेल तर

नोकरी नसलेल्याला लांब मुदतीचं कर्ज द्यायला बँका नाखूश असतात. मुलगा किंवा मुलगी सहकर्जदार झाली तर अडत नाही, पण मग हप्ता कुणाच्या खात्यातून जाणार हे आधीच बोलून घ्यावं. दुसरा मार्ग रिव्हर्स मॉर्गेजचा, म्हणजे उलट्या गहाणाचा. २००७ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली. साठ वर्षांवरच्या घरमालकाला बँक घर तारण ठेवून पैसे देते, हप्ता मागत नाही. मालक आणि जोडीदार असेपर्यंत तिथेच राहतात, पुढे वारसांनी कर्ज फेडून घर सोडवायचं किंवा बँकेनं विकून उरलेले पैसे त्यांना द्यायचे. हा मार्ग आपल्याकडे फारसा कुणी घेत नाही, कारण ‘घर मुलांसाठी’ हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. मुलं तर म्हणतायत, विकून टाका.

गुरुजींच्या घराचा निकाल मला विचारला असता तर मी असा दिला असता: कॉलम शाबूत असतील आणि दोघांना तिथे आणखी दहा वर्षं राहायचं असेल तर कर्ज काढावं, पण आठऐवजी दहा लाखांची तयारी ठेवून, कारण जुन्या छतात फोडल्यावर नेहमी काहीतरी जास्तच निघतं. कॉलम गेले असतील तर एक पैसाही न लावता, आहे तसं, जमिनीच्या भावानं विकावं. आणि दोन्हीपैकी काहीही ठरेपर्यंत त्या ओट्याच्या वरचे सुटलेले पोपडे आधी काढून घ्यावेत.

गळती कुठून येते हे पावसातच कळतं. म्हणून इंजिनिअरला याच पावसाळ्यात बोलवा. काम करायचं ते दिवाळीनंतर.